मागे उघड्या असलेल्या विंडोत आपोआप टंकलेखन कसे करावे : ऑटोहॉटकी वापरणाऱ्या नवख्यांसाठी

आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात मी अर्धवेळ काम करते. ग्रंथांच्या नोंदी ज्या प्रोग्रॅममध्ये ठेवल्या जातात तो व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेला आहे आणि त्यात एक्सेलची यादी एकदम आत घेण्याची सोय नाही. सुमारे ४,००० ग्रंथांची यादी दाखल नोंदवहीवरून एक्सेलमध्ये तयार झाली होती, आणि प्रत्येक ग्रंथाचा दाखल क्रमांक, नाव व लेखक या तीन गोष्टी त्या प्रोग्रॅममध्ये पुन्हा हाताने भरायच्या होत्या. हे काम संगणकाकडूनच करून घ्यावे, पण ते चालू असताना वाचकांची देवघेव थांबू नये, म्हणजे नोंदी मागच्या विंडोत भरल्या जाव्यात आणि समोरच्या विंडोत माझे काम चालू राहावे, अशी गरज होती. ते जमायला मला तीन आठवडे लागले. त्यातले बहुतेक दिवस ज्या गोष्टी आधी कोणी सांगितल्या असत्या तर वाचले असते, त्या इथे क्रमाने लिहिल्या आहेत.

हा लेख विंडोज १० आणि ११ साठी आहे. आज्ञांची नावे मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. स्क्रिप्टमध्ये, म्हणजे संगणकाने क्रमाने पाळायच्या आज्ञांच्या फाइलमध्ये, ती मदत फाइलमध्ये आहेत त्याच स्पेलिंगने लिहावीत.

१. आधी जमवून ठेवायच्या गोष्टी

• ऑटोहॉटकी हा, आपल्या स्क्रिप्टप्रमाणे कळा दाबण्यासारखी कामे आपोआप करणारा, मोफत आणि मुक्त स्रोत प्रोग्रॅम, आवृत्ती २. तो २००३ पासून उपलब्ध आहे. त्याची दुसरी आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये स्थिर म्हणून आली.
• त्याच्याबरोबर येणारे विंडो स्पाय हे साधन आणि मदत फाइल.
• भरायच्या माहितीची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी खाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल), यूटीएफ-८ या मराठी अक्षरेही साठवू शकणाऱ्या स्वरूपात जतन केलेली.
• ज्या प्रोग्रॅममध्ये नोंदी भरायच्या आहेत त्याच्या डेटाची त्याच दिवशी घेतलेली प्रत, शक्यतो पेन ड्राइव्हवर.
• ज्यांच्या ताब्यात तो संगणक व ती माहिती आहे त्यांची परवानगी, तोंडी नव्हे तर लेखी.

शेवटच्या दोन गोष्टींना फाटा देऊ नये. संगणकाच्या मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीशिवाय त्यात प्रवेश करणे वा माहितीत फेरफार करणे हे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ खाली येते. बँकेची संकेतस्थळे, ऑनलाइन परीक्षा, हजेरीच्या प्रणाली आणि इतरांबरोबर खेळायचे खेळ यांसाठी ही पद्धत वापरू नये. तसेच स्क्रिप्टमध्ये पासवर्ड कधीही लिहून ठेवू नये, कारण स्क्रिप्ट ही साधी मजकूर फाइल असते आणि ती कोणालाही उघडून वाचता येते.

२. कळ दाबल्यावर काय घडते ते समजून घ्या

ही पायरी कंटाळवाणी वाटेल, परंतु पुढच्या जवळपास प्रत्येक अडचणीचे मूळ इथे आहे. आपण कळ दाबतो तेव्हा कीबोर्डचा ड्रायव्हर ती विंडोजकडे देतो, विंडोज आपल्याजवळ त्या कळेची स्थिती नोंदवून ठेवते आणि मग समोर असलेल्या विंडोच्या रांगेत ‘कळ दाबली’ असा संदेश टाकते. त्या विंडोत ज्या चौकटीत कर्सर असेल तिला तो संदेश मिळतो आणि त्यावरून अक्षर उमटते. मागच्या विंडोला यातले काहीच मिळत नाही.

ऑटोहॉटकीची ‘सेंड’ ही साधी आज्ञा याच राजमार्गाने जाते. म्हणून तिने पाठवलेल्या कळा नेहमी समोरच्या विंडोतच उमटतात. ‘कंट्रोलसेंड’ ही आज्ञा मात्र तो मार्ग सोडते आणि ‘कळ दाबली’, ‘कळ सोडली’ हे संदेश आपण सांगू त्या विंडोच्या किंवा त्यातल्या चौकटीच्या रांगेत थेट नेऊन ठेवते.

कार्यालयात काम केलेल्यांना हा फरक लगेच कळेल. एखादे पत्र आवक नोंदवहीत न चढवता परस्पर लिपिकाच्या टेबलावर ठेवले, तर जो लिपिक टेबलावरचे पत्र उघडून काम करतो त्याचे काही अडत नाही. पण जो आधी आवक नोंदवही पाहतो त्याच्या लेखी ते पत्र आलेलेच नसते. प्रोग्रॅमही असेच दोन प्रकारचे असतात. जे केवळ संदेश वाचतात त्यांच्यात मागून पाठवलेली कळ उमटते. जे विंडोजला ‘ही कळ आत्ता खरोखर दाबलेली आहे का’ असे विचारतात, किंवा थेट कीबोर्डकडून माहिती घेतात, ते तिच्याकडे लक्ष देत नाहीत. बरेचसे खेळ या दुसऱ्या प्रकारात मोडतात.

३. आपला प्रोग्रॅम कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

विंडो स्पाय उघडा, माउसच्या मागे जाण्याचा पर्याय चालू करा आणि आपल्या प्रोग्रॅमच्या प्रत्येक चौकटीवर माउस न्या. विंडोचे शीर्षक, तिचा वर्ग, प्रोग्रॅमच्या फाइलचे नाव, विंडोचा क्रमांक आणि माउसखालच्या चौकटीचे नाव तिथे दिसते.

प्रत्येक चौकटीवर वेगळे नाव दिसले तर अर्धे काम झाले असे समजावे. आमच्या प्रोग्रॅममध्ये तिन्ही चौकटींवर ‘थंडरआरटी६टेक्स्टबॉक्स’ असे नाव आणि त्यापुढे १, २, ३ असे आकडे दिसले. व्हिज्युअल बेसिक ६ मधल्या मजकुराच्या चौकटींचे हे ठरलेले नाव आहे. आकड्यांचा क्रम पडद्यावरच्या क्रमासारखाच असेल असे गृहीत धरू नये. आमच्याकडे सर्वांत वरच्या चौकटीला ३ होता आणि सर्वांत खालच्या चौकटीला १.

डॉटनेटच्या विंडोज फॉर्म्सवर बांधलेल्या प्रोग्रॅममध्ये चौकटींची नावे लांबलचक असतात आणि त्यांचा काही भाग प्रोग्रॅम पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतो. तेव्हा ते नाव स्क्रिप्टमध्ये जसेच्या तसे लिहून ठेवणे धोक्याचे आहे. व्हिज्युअल फॉक्सप्रो, जावा स्विंग आणि डब्ल्यूपीएफ यांत सगळा फॉर्म एकाच विंडोवर रंगवलेला असतो आणि चौकटी वेगळ्या सापडतच नाहीत. क्रोमसारख्या ब्राउझरमधल्या पानांचेही तसेच आहे. अशा ठिकाणी कळा मुख्य विंडोकडे पाठवून पाहता येतात, पण त्यावर फार वेळ घालवू नये. ब्राउझर आपोआप चालवण्यासाठी सेलेनियम किंवा प्लेराइट ही साधने, एक्सेलसाठी दुसऱ्या प्रोग्रॅममधून त्याला थेट आज्ञा देण्याची त्याची स्वतःची सोय (कॉम इंटरफेस) आणि इतर अनेक प्रोग्रॅमसाठी विंडोजची यूआय ऑटोमेशन ही सोय, हे मार्ग अधिक भरवशाचे आहेत. एक्सेलच्या खान्यांत माहिती भरण्यासाठी कळा पाठवणे तर पूर्णपणे अनावश्यक आहे.

४. थांबवण्याची कळ सर्वांत आधी लिहा

स्क्रिप्टची पहिली कामाची ओळ ही तिला तत्काळ बंद करणारी असावी. एफ८ किंवा एस्केप यांपैकी एखादी कळ निवडून ती दाबताच ‘एक्झिटॅप’ ही आज्ञा चालेल अशी व्यवस्था करावी. मागच्या विंडोत काय चालले आहे ते आपल्याला दिसत नसते, त्यामुळे चूक लक्षात आल्यावर ती विंडो शोधत बसण्याइतका अवधी मिळत नाही.

५. नोटपॅडवर सराव करा

खऱ्या माहितीला हात लावण्यापूर्वी नोटपॅड उघडा आणि त्यात १ ते २० हे आकडे प्रत्येकी अर्ध्या सेकंदाच्या अंतराने पाठवणारी छोटी आवर्तनी स्क्रिप्ट लिहा. ती सुरू करून लगेच दुसऱ्या विंडोत जा आणि तिथे स्वतः काहीतरी टंकत राहा. तुमचे टंकलेखन तुमच्या विंडोत आणि आकडे नोटपॅडमध्ये, एकमेकांत न मिसळता उमटले, तर पद्धत बरोबर बसली.

इथे नवख्या माणसाला दोन ठिकाणी हमखास ठेच लागते. पहिले कारण म्हणजे विंडोज १० च्या नोटपॅडमध्ये लिहिण्याच्या चौकटीचे नाव ‘एडिट१’ होते, तर विंडोज ११ च्या नव्या नोटपॅडमध्ये ते ‘रिचएडिटडी२डीपीटी१’ असे आहे. जुने मार्गदर्शन वाचून पहिले नाव लिहिले की चौकट सापडत नसल्याची चूक दाखवली जाते. दुसरे कारण आवृत्तीचे. ऑटोहॉटकीच्या पहिल्या आवृत्तीत कंट्रोलसेंडला आधी चौकटीचे नाव आणि मग कळा द्याव्या लागत. दुसऱ्या आवृत्तीत आधी कळा, मग चौकटीचे नाव आणि त्यानंतर विंडोची ओळख असा क्रम आहे. इंटरनेटवर सापडणारी असंख्य उदाहरणे अजून पहिल्या आवृत्तीची आहेत, म्हणून उदाहरण उतरवून घेण्याआधी ते कोणत्या आवृत्तीचे आहे ते पाहावे. दुसऱ्या आवृत्तीत विंडो किंवा चौकट सापडली नाही तर चूक स्पष्टपणे समोर येते आणि स्क्रिप्ट थांबते. ती चूक ‘ट्राय’ या चूक झाकणाऱ्या आज्ञेने दाबून टाकू नये. पहिल्या आवृत्तीत अशा वेळी स्क्रिप्ट गुपचूप पुढे जात असे, आणि तो काळ परत आणण्यात काहीच लाभ नाही.

६. विंडो शीर्षकावरून नव्हे, क्रमांकावरून पकडा

माझी सर्वांत मोठी चूक याच पायरीवर झाली. विंडोची ओळख म्हणून मी तिच्या शीर्षकातला ‘नोंद’ हा एकच शब्द दिला होता. ऑटोहॉटकीच्या दुसऱ्या आवृत्तीत दिलेला मजकूर शीर्षकात कुठेही आला तरी ती विंडो जुळली असे मानले जाते. त्या प्रोग्रॅममध्ये ‘सभासद नोंद’ ही आणखी एक विंडो त्या दिवशी उघडी होती, तिच्यातही त्याच नावाच्या चौकटी होत्या, आणि मी देवघेवीच्या टेबलावर निश्चिंत बसलेली असताना ग्रंथांची ४३ नावे सभासदांच्या नावांच्या जागी जाऊन बसली. घेतलेली प्रत हाताशी होती म्हणूनच ती माहिती परत मिळाली.

योग्य पद्धत अशी : स्क्रिप्ट सुरू होताना प्रोग्रॅमच्या फाइलचे नाव आणि विंडोचे पूर्ण शीर्षक या दोन्हींवरून विंडो एकदाच शोधावी, ‘विनगेटआयडी’ या फंक्शनने तिचा क्रमांक घ्यावा आणि पुढे सगळीकडे तोच क्रमांक वापरावा. विंडो बंद होईपर्यंत तो क्रमांक दुसऱ्या कोणत्याही विंडोला मिळत नाही. क्रमांक घेतल्यावर शीर्षक एका छोट्या संदेशचौकटीत दाखवून ‘हीच विंडो का’ असे स्वतःला विचारण्याची सोय केली तर आणखी बरे.

७. मजकूर पाठवा, आणि मराठीची परीक्षा घ्या

लांब मजकुरासाठी ‘कंट्रोलसेंड’ऐवजी ‘कंट्रोलसेंडटेक्स्ट’ वापरावे. पहिल्या आज्ञेत अधिकचे चिन्ह, उद्गारचिन्ह, महिरपी कंस अशा चिन्हांना विशेष अर्थ असतो, त्यामुळे ग्रंथाच्या नावातले उद्गारचिन्ह ऑल्ट कळ म्हणून वाचले जाते. दुसरी आज्ञा प्रत्येक अक्षर जसे आहे तसे पाठवते.

‘कंट्रोलसेटटेक्स्ट’ ही तिसरी आज्ञा चौकटीतला सगळा मजकूर एका फटक्यात बदलते, आणि वेगामुळे तिचा मोह पडतो. मात्र तिने कोणतीही कळ दाबल्याचा संदेश जात नाही. ज्या प्रोग्रॅममध्ये कळ दाबल्यावर तपासणी होते किंवा एंटर मारल्यावर पुढची चौकट उघडते, तिथे पडद्यावर मजकूर दिसतो पण प्रोग्रॅमने तो स्वीकारलेला नसतो. आमच्या प्रोग्रॅममध्ये दाखल क्रमांकाच्या चौकटीत एंटरची कळ आल्यावरच तो क्रमांक आधी वापरला आहे का याची तपासणी होत असे. तो क्रमांक मी ‘कंट्रोलसेटटेक्स्ट’ने भरला तेव्हा दुबार क्रमांकही बिनबोभाट आत गेले. त्या चौकटीसाठी मी कळा पाठवण्याचाच मार्ग ठेवला.

आता मराठीबद्दल, कारण आपल्याकडच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये खरी अडचण इथेच येते. व्हिज्युअल बेसिक ६ च्या स्वतःच्या चौकटी युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांच्या अक्षरांना संकेत देणारी आजची पद्धत, जाणत नाहीत. त्या संगणकाच्या जुन्या संकेतपृष्ठावर, म्हणजे मोजक्याच अक्षरांच्या संकेतांच्या तक्त्यावर, चालतात. विंडोजमध्ये देवनागरीसाठी असे जुने संकेतपृष्ठ नाही, त्यामुळे प्रदेशाची मांडणी बदलून मराठी निवडली तरी उपयोग होत नाही आणि पाठवलेल्या प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह उमटते. अशा प्रोग्रॅममध्ये मराठी दिसत असेल तर ते जुन्या फाँटच्या आधारे दिसत असते, म्हणजे आत रोमन अक्षरांचे संकेत साठवलेले असतात आणि फाँट त्यांना देवनागरीचे रूप देतो. तेव्हा युनिकोडमधली यादी आधी त्या विशिष्ट फाँटच्या संकेतांत रूपांतरित करून घ्यावी लागते. रूपांतरानंतर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांची जागा डोळ्यांनी तपासावी. ‘किर्लोस्कर’ आणि ‘धर्मानंद’ ही दोन नावे मी नेहमी चाचणीला घेते; ती नीट उमटली की बाकीची बहुधा नीट उमटतात.

प्रोग्रॅम युनिकोड जाणणारा असेल तर हा सारा खटाटोप नको, परंतु फाइल वाचताना एक काळजी घ्यावी. ऑटोहॉटकीची दुसरी आवृत्ती स्क्रिप्टची फाइल यूटीएफ-८ समजून वाचते, पण माहितीची फाइल वाचताना तसे समजत नाही. एक्सेलने ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून जतन केलेल्या फाइलच्या आरंभी ओळखीची खूण असते, म्हणून ती नीट वाचली जाते. तीच फाइल नोटपॅडमधून साध्या यूटीएफ-८ मध्ये पुन्हा जतन केली की खूण जाते आणि सगळा मजकूर विस्कटतो. स्क्रिप्टच्या आरंभी ‘फाइलएन्कोडिंग’ने यूटीएफ-८ ठरवून दिले की हा प्रश्न मिटतो.

८. कंट्रोल, ऑल्ट आणि टॅबवर विसंबू नका

आवक नोंदवहीची गोष्ट इथे कामी येते. कंट्रोल आणि एस मिळून ‘जतन करा’ असे मागच्या विंडोला सांगायचे, तर एस आल्यावर बरेच प्रोग्रॅम ‘या क्षणी कंट्रोल दाबलेली आहे का’ असे विंडोजला विचारतात. ऑटोहॉटकी ती स्थिती जुळवण्याचा प्रयत्न करते आणि काही प्रोग्रॅममध्ये ते साधतेही, परंतु ४,००० नोंदींसाठी हा भरवसा अपुरा आहे. त्याच क्षणी तुम्ही समोरच्या विंडोत शिफ्ट दाबून ठेवली असेल तर तिचाही घोळ होऊ शकतो.

त्याऐवजी जतन करण्याचे बटण ‘कंट्रोलक्लिक’ने दाबावे आणि त्यात ‘एनए’ हा पर्याय द्यावा, म्हणजे विंडो पुढे न आणता क्लिक होते. मेनूमधली आज्ञा हवी असेल तर ‘मेनूसिलेक्ट’ वापरावे. टॅबने पुढच्या चौकटीत जाण्याऐवजी प्रत्येक चौकटीला तिच्या नावाने थेट मजकूर पाठवावा.

९. पोचले की नाही ते वाचून पाहा

संदेश रांगेत ठेवला गेला म्हणजे तो स्वीकारला गेला असे नव्हे, आणि या सगळ्या पद्धतीचा कमकुवत सांधा हाच आहे. म्हणून तिन्ही चौकटी भरल्यावर, जतन करण्यापूर्वी, ‘कंट्रोलगेटटेक्स्ट’ने प्रत्येक चौकटीतला मजकूर परत वाचावा आणि पाठवलेल्या मजकुराशी ताडून पाहावा. जुळला नाही तर पाव सेकंद थांबून पुन्हा वाचावा, आणि तरीही न जुळल्यास स्क्रिप्ट थांबवावी. चुकलेली नोंद ओलांडून पुढे जाणारी स्क्रिप्ट लिहू नये.

जतन केल्यावर ‘नोंद झाली’ अशी चौकट येत असेल तर ती बंद होईपर्यंत मुख्य विंडो निष्क्रिय असते. तिची वाट ‘विनवेट’ने पाहावी आणि वाट पाहण्याला मर्यादा घालावी, मी ५ सेकंद ठेवले आहेत. चौकट आली की तिचे बटण दाबावे, ती नाहीशी झाल्याची खात्री करावी आणि मगच पुढची नोंद सुरू करावी. ठरावीक वेळ झोपी जाऊन पुढे जाण्यापेक्षा हे किती तरी सुरक्षित आहे, कारण जुन्या संगणकाला कधी अर्धा सेकंद पुरतो तर कधी तीनही पुरत नाहीत.

१०. काहीच घडत नसेल तर

सर्वांत आधी अधिकार पाहा. विंडोज विस्टापासून, म्हणजे २००७ पासून, कमी अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रॅमला जास्त अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रॅमकडे असे संदेश पाठवता येत नाहीत. जुने प्रोग्रॅम पुष्कळदा ‘अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा’ असे ठरवून ठेवलेले असतात. तसे असेल तर स्क्रिप्टही त्याच अधिकाराने चालवावी लागते.

दुसरे म्हणजे विंडो खाली दडवलेली आहे का ते पाहा. साधे जुने प्रोग्रॅम खाली दडवले तरी संदेश घेतात, पण मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधले अॅप दडवल्यावर विंडोज त्यांना निद्रिस्त करू शकते. विंडो दडवण्याऐवजी दुसऱ्या विंडोच्या मागे राहू द्यावी.

लिनक्सवर विंडो दाखवण्याच्या एक्स११ (जुनी) आणि वेलँड (नवी) अशा दोन प्रणाली आहेत. तिथे हे काम करायचे असेल तर एक्स११ मध्ये कळा पाठवणाऱ्या ‘एक्सडूटूल’ या साधनाला विंडोचा क्रमांक देता येतो, परंतु अशा कळांवर कृत्रिम असल्याची खूण असते आणि काही प्रोग्रॅम ती पाहून त्या नाकारतात. वेलँडमध्ये एका प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या विंडोत कळा पाठवणे मुळातच बंद केलेले आहे.

११. दहा, मग शंभर, मग बाकीच्या

पहिल्या दहा नोंदी विंडो समोर ठेवून, डोळ्यांदेखत भराव्यात. पुढच्या शंभर मागे भरू द्याव्यात आणि त्या सगळ्या दाखल नोंदवहीशी पडताळाव्यात. प्रत्येक नोंद जतन झाल्यावर तिचा दाखल क्रमांक आणि वेळ एका मजकूर फाइलमध्ये ‘फाइलअपेंड’ने लिहिली जावी, आणि स्क्रिप्ट पुन्हा सुरू करताना तिने त्या फाइलमधला शेवटचा क्रमांक पाहून त्यापुढून आरंभ करावा. आमच्याकडे दोनदा वीज गेली, पण या फाइलमुळे एकही नोंद दुबार झाली नाही. रोज काम संपल्यावर प्रोग्रॅममधली एकूण संख्या त्या फाइलमधल्या ओळींच्या संख्येशी जुळवावी, डेटाची नवी प्रत घ्यावी आणि तिच्यावर तारीख घालावी; जुनी प्रत मात्र सगळ्या नोंदी तपासून होईपर्यंत पुसू नये.